लोण्याची पफ पेस्ट्री घरी, तीही एप्रिलात : लोणी कोणतं, सारण काय?

चैत्रपालवी
मंडळी, येत्या रविवारी भाचीचा वाढदिवस आहे. वीसेक माणसं होतील. पफ पेस्ट्रीचं, म्हणजे मैद्याच्या आणि लोण्याच्या पदरांचं, एकच पीठ करून त्यातून एक तिखट आणि एक गोड पदार्थ करायचं ठरवलंय. इथं कोल्हापुरात राजारामपुरीत त्याच्या फ्रोजन शीट मिळतात, पण पाकिटामागे घटक वाचले तर मैद्याच्या खालोखाल वनस्पती तेल. आपल्याकडे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पितात. अशा गावात पॅटिस लोण्याचंच व्हायला पाहिजे आणि ते घरी होतं, असं माझं ठाम मत आहे. थंडीत मी नेहमी करते, पदर छान सुटतात.

प्रश्न आहे तो उन्हाळ्याचा. दुपारी ओट्याशी उभं राहवत नाही आणि लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पातळ होतं. तर उन्हाळ्यात लोणी कोणतं घ्यायचं, कसं हाताळायचं? मार्जरीन, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं लोण्यासारखं घट्ट स्निग्ध, मला घालायचं नाही. आणि सारण काय करू? बटाटा-मटार कुठंही मिळतो. मला आपल्या कोल्हापूरच्या चवीचं काहीतरी हवंय, पण पदर ओले न करणारं. सविस्तर लिहा, घाईत असाल तर दोन ओळीही चालतील.

रंकाळाकाठ
पहिली हजेरी. सारणाचं विचारताय म्हणजे काय, सुकं मटण! पुढं बोलायचं कामच नाही.

मृण्मयी_पुणे
ताई, एप्रिलमध्ये कशाला जिवाला त्रास? विकतच्या शीट आणा आणि तो वेळ सारणाला द्या. फक्त त्या आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. थेट ओट्यावर ठेवल्या की कडा चिकट होतात आणि मध्ये अजून बर्फच असतो, मग घडी उलगडताना शीट फाटते.

भट्टीपुत्र
आमची लाकडाच्या भट्टीची बेकरी होती, वडील आणि चुलते चालवायचे. म्हणून थोडं बेकरीच्या बाजूनं लिहितो.

बेकरीवाला मार्जरीन घालतो ते फक्त स्वस्त पडतं म्हणून नाही. पेस्ट्री मार्जरीन साधारण ४० अंशांच्या वर वितळतं. भट्टीसमोरच्या उकाड्यातही लाटताना ते जागचं हलत नाही, त्यामुळं पदर स्वच्छ सुटतात आणि माल उंच फुगतो. लोण्याला ती मुभा नाही. पण आपल्या तोंडात असतात ३७ अंश. ज्याचा वितळबिंदू त्याच्या वर, ते जिभेवर विरघळत नाही, टाळ्याला थर धरतं. खारी चहात बुडवून खाल्ली की गरम चहानं तो थर निघून जातो. पॅटिस नुसतं खाल्लं की लगेच कळतं. म्हणून चैत्रपालवी ताई, पॅटिसला लोणी हे तुमचं म्हणणं मला पटतं. खारीच्या बाबतीत मी मार्जरीनला नावं ठेवणार नाही.

आता लोणी हाताळण्याचं. पीठ आणि लोणी दोन्ही सारख्याच घट्टपणाचं असलं पाहिजे, सगळी गोम त्यात आहे. लोणी फार कडक असलं तर लाटताना आत त्याचे तुकडे पडतात, आणि जिथं तुकडे तिथं पदर नाही. फार मऊ असलं तर ते मैद्यात जिरतं, मग होतो तो ब्रेड. १३ ते १८ अंशांच्या दरम्यान लोणी लाटता येतं. थर्मामीटर लागत नाही. बटर पेपरमध्ये लोण्याची सेंटीमीटरभर जाडीची चौकोनी वडी थापा, फ्रीजमध्ये ठेवा, काढून हळूच वाकवून बघा. चामड्याच्या पट्ट्यासारखी वाकली पाहिजे. कडेला चीर गेली तर दोन मिनिटं थांबा, बोट रुतलं तर परत आत.

दूधकट्टा
घरच्या सायीचं लोणी वापरायचं असेल तर एक सांगायचंय. आपल्याकडचं लोणी म्हशीच्या दुधाचं, ते गाईच्या लोण्यापेक्षा जरा घट्ट असतं. उन्हाळ्यात हा फायदाच. पण घरी घुसळलेल्या लोण्यात ताक राहतं. विकतच्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्के पाणी असतं, घरच्यात पाणी किती राहिलं हे हातावर अवलंबून. म्हणून बर्फाच्या पाण्यात लोणी धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मग परातीत लाकडी उलथन्यानं दाबत राहायचं. दाबलं की थेंब सुटतात, ते ओतून द्यायचे, परत दाबायचं. थेंब यायचे थांबले की वडी थापायला घ्या.

तिळातिळाने
पिवळं टेबल बटर चालेल का? घरात तेच असतं.

भट्टीपुत्र
चालतं, पण त्यात मीठ असतं. मग पिठात मीठ घालू नका, सारणातही हात आखडता ठेवा. गोड पदार्थाला मात्र बिनमिठाचं पांढरंच घ्या.

खवय्या_शाहूपुरी
भट्टीपुत्र, मार्जरीनवर एक शंका. त्यातल्या ट्रान्स फॅटचं काय? घरात बायपास झालेला माणूस आहे, म्हणून विचारतोय.

डॉ_निरंजन
उत्तर देतो. वनस्पती तेलाचं अर्धवट हायड्रोजनीकरण केलं की ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. आपल्याकडे एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) तेल-तुपातली ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली, त्यामुळे आताचं मार्जरीन पूर्वीसारखं राहिलेलं नाही. तरी त्यात संपृक्त चरबी भरपूर असते, आणि लोण्यातही असते. बायपास झालेल्या माणसाला दोन्ही पदार्थ चवीपुरतेच. वाढदिवसाला अर्धं पॅटिस द्या आणि बरोबर ताकाचा पेला.

साटोरी
हे सगळं वाचताना मला राहून राहून चिरोटे आठवतायत. आपल्या आज्या तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा फेसून पोळ्यांवर लावायच्या, एकावर एक ठेवून गुंडाळायच्या, कापून लाटायच्या. पदर सुटणं हे आपल्याला नवीन नाही. मग पफ पेस्ट्रीलाही साटाच का लावू नये? तूप उन्हाळ्यात नीट राहत नसलं तरी पिठीनं साटा घट्ट होतो. लोण्याचे एवढे लाड करायला नकोत.

भट्टीपुत्र
साटोरी ताई, चिरोटा तळणीचा पदार्थ आहे. गरम तुपात पडला की दोन्ही अंगांनी उष्णता एकदम लागते, पदर तिथल्या तिथं मोकळे होतात. भट्टीत उष्णता हळू आत शिरते. पिठातलं आणि लोण्यातलं पाणी वाफ होतं आणि वाफेला जागा लागते पाण्याच्या साधारण १६०० पट. ती बाहेर पडू बघते आणि वरचा पदर उचलते. लोण्याचा थर मध्ये असतो म्हणून दोन पदर एकमेकांना चिकटत नाहीत. तुपात पाणी जवळपास नसतंच, म्हणजे उचलणारं एक अंग कमी झालं.

साटोरी
पण डालड्यातही पाणी नसतं आणि जुन्या बेकऱ्यांची खारी डालड्यातच व्हायची, ती फुगायचीच की.

भट्टीपुत्र
बरोबर आहे तुमचं. फुगायची, कारण पिठातलं पाणी होतंच. म्हणजे तुपानंही पदर सुटतील, लोण्याइतके उंच नाहीत. साट्यातली पिठी मात्र पदर कोरडे, कुरकुरीत ठेवते. साट्याची खारी भट्टीत लावून बघितली पाहिजे, मी पण लावतो. वेगळा पदार्थ होईल आणि चांगला होईल असं वाटतंय.

आजरा_घनसाळ
साट्यासाठी घनसाळ तांदळाची पिठी घ्या. वासासाठी सांगतोय. आमच्या गावचा तांदूळ म्हणून नाही. बरं, म्हणूनसुद्धा. :-)

चैत्रपालवी
सगळ्यांचे आभार. साट्याची खारी दिवाळीला नक्की करणार. भट्टीपुत्र, प्रमाण द्या ना. आणि घड्या किती?

भट्टीपुत्र
मैदा अर्धा किलो, मीठ १० ग्रॅम, मऊ लोणी ५० ग्रॅम, लिंबाचा रस एक चमचा, बर्फाचं पाणी पाव लिटरच्या आसपास. पाणी थोडं थोडं घाला, मैद्यामैद्यात फरक असतो. लिंबू पीठ ताणायला मऊ करतं आणि जास्त वेळ ठेवलं तर काळपट होऊ देत नाही. पीठ मळू नका, नुसतं एकत्र करा. चपातीच्या कणकेसारखं तिंबलं तर लाटताना परत आखडतं. अर्धा तास फ्रीजमध्ये.

वडीसाठी ३५० ग्रॅम लोणी. पीठ लाटून मध्ये वडी तिरकी ठेवा, चारही कोपरे तिच्यावर मिटा, सांधे चिमटा. मग लाटण्यानं आधी दाबत जा, एकदम रेटू नका. लांबट पट्टी झाली की तीन पदरी घडी. घडीची बंद बाजू डावीकडे ठेवून परत लाटा, परत तीन पदरी. थंडीत लागोपाठ दोन घड्या मारता येतात. आत्ता एक घडी झाली की फ्रीज, अर्धा-पाऊण तास. अशा सहा घड्या. प्रत्येक घडीला लोण्याचे थर तिप्पट, म्हणजे सहाव्या घडीनंतर ७२९. घरी पाच घड्या मारल्या तरी २४३ होतात आणि पॅटिसला तेवढे पुरतात. सहाच्या वर गेलात तर थर इतके पातळ होतात की लोणी पिठात मिसळायला लागतं.

एका गोळ्याचे, ३ मिलिमीटर जाडीला, मोठे चौकोन कापले तर पंचवीसच्या आसपास निघतात. वीस माणसांना तिखट आणि गोड दोन्ही म्हणजे दोन गोळे करा.

पन्हाळ्याचा_वारा
माझी भर. कडप्प्याच्या ओट्यावर लाटण्याआधी पंधरा मिनिटं स्टीलच्या मोठ्या ताटात बर्फ घालून ते ताट ओट्यावर ठेवा. दगड गार झाला की तो बराच वेळ गार राहतो. ओटा कोरडा पुसून मगच मैदा भुरभुरवा. पंखा बंद ठेवा, मैदा उडतो आणि पिठावर साय धरते. लाटणं पहाटे पाचला काढा. पन्हाळ्याला पहाटे गारवा असतो, कोल्हापुरातही एप्रिलमध्ये ती वेळ त्यातल्या त्यात बरी.

आणि कापताना सुरी धारदार लागते. वरून सरळ खाली दाबून कापायचं, मागं-पुढं ओढायचं नाही. ओढलं की कडेचे पदर एकमेकांना लिंपले जातात आणि ती बाजू वर येतच नाही. नीट कापलेली कड डोळ्याजवळ धरून बघा. पांढरट आणि पिवळसर रेघा एकाआड एक दिसतात, पाच घड्यांनंतर त्या केसाएवढ्या बारीक होतात. त्या दिसल्या की निर्धास्त व्हायचं. अंड्याचा किंवा दुधाचा हात फक्त वरून द्यायचा, कडेवरून ओघळ गेला तर तिथं पदर चिकटतात.

रंकाळाकाठ
पीठ झालं, लोणी झालं. माझ्या सुक्या मटणावर कुणी बोलेल का?

वैजयंती_काकू
मी बोलते. बाळा, मटणाचे तुकडे पॅटिसमध्ये घालू नकोस. हाड आलं की मुलांचे दात जातील, आणि तुकडा मोठा म्हणून पॅटिस मध्येच उघडतं. खिमा घे. कांदा बारीक चिरून तेलावर लालसर, मग आलं-लसूण, खिमा, हळद, मीठ आणि आपला कांदा-लसूण मसाला. चटणी म्हण, ज्या घरात जे म्हणतात ते. पाणी घालायचं नाही. झाकण ठेवून शिजव, मग झाकण काढून परत, खिमा तव्याला चिकटायला लागेपर्यंत. शेवटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा आणि तिळाचा कूट दोन चमचे. तो उरलेलं तेल आणि ओल शोषून घेतो. मग ताटात पसरून पूर्ण गार कर. कोमट सारण सुद्धा चालत नाही, खालचं लोणी भट्टीत जायच्या आधीच सुटतं.

तिखट नेहमीपेक्षा थोडं चढं ठेव. बाहेरचं पीठ आणि लोणी तिखट खाऊन टाकतं.

रंकाळाकाठ
काकू, जग जिंकलं तुम्ही. खोबऱ्या-तिळाचा कूट ही खरी कोल्हापुरी गोष्ट.

मृण्मयी_पुणे
शाकाहारी लोकांसाठी काय?

वैजयंती_काकू
तोच मसाला, तोच कूट. खिम्याच्या जागी मशरूम बारीक चिरून, त्याचं पाणी पूर्ण आटवून. किंवा पनीर कुस्करून. अंडं खाणाऱ्यांना मसालेदार परतलेल्या कांद्यावर उकडलेलं अर्धं अंडं, पिवळा भाग खाली करून. लहान मुलांना मक्याचे दाणे आणि चीज.

खवय्या_शाहूपुरी
तांबडा-पांढरा राहिला की राव! पांढरा रस्सा पॅटिसमध्ये जाईल का?

पन्हाळ्याचा_वारा
आत नाही जाणार, पण त्याच्यावर झाकण घालता येईल. १९७५ साली पॅरिसमध्ये पॉल बोक्यूझ या शेफनं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांच्यासाठी ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुगंधी अळंबीचं, सूप केलं होतं. वाडग्याच्या तोंडावर पफ पेस्ट्री बसवून भट्टीत घातली, ती घुमटासारखी फुगली. चमच्यानं घुमट फोडायचा आणि आतलं सूप प्यायचं. पांढऱ्या रश्शाला हे का नको? मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी), नारळाचं दूध, काजू, खसखस. झाकण फोडलं की पहिला वास त्याचा.

वैजयंती_काकू
नारळाचं दूध भट्टीत फाटेल.

पन्हाळ्याचा_वारा
रस्सा गार करून वाडगा पाऊणच्या आत भरायचा, काकू. वीस मिनिटांत वरचं झाकण भाजून होतं आणि खाली रस्सा गरम होतो, खळखळून उकळत नाही. भट्टीत चालणारे चिनी मातीचे वाडगे घ्यायचे, कडेला बाहेरून अंडं लावून पीठ ताणून चिकटवायचं.

वैजयंती_काकू
तरी मला पटत नाही. पांढरा रस्सा हा वाढप्यानं परत परत वाढायचा असतो. एका वाडग्यात बंद केला की मागायचं कसं? त्यापेक्षा पेस्ट्रीच्या गोल चकत्या वेगळ्या भाज आणि गरम रश्शावर वाढताना ठेव. रस्सा पाहिजे तेवढा, चकती कुरकुरीत.

खवय्या_शाहूपुरी
काकूंच्या बाजूनं माझं मत. रश्शाला मोजमाप नको.

चैत्रपालवी
चकत्या ही कल्पना फार आवडली. वाढदिवसाला खिमा पॅटिस आणि मक्याचं पक्कं करते, रस्सा मोठ्यांच्या पंगतीला. आता गोडाचं बोला. मनात गूळ आहे, पण तो वितळून बाहेर येईल याची भीती वाटते.

शिरोळची_सून
येतोच बाहेर. नुसता किसलेला गूळ भट्टीत पातळ होतो, फटीतून पत्र्यावर उतरतो आणि जळतो. पण आपल्याकडे याचं उत्तर आधीच आहे : गुळाच्या पोळीचं सारण. गूळ किसून, त्यात खमंग भाजलेलं डाळीचं पीठ, तिळाचा कूट, भाजलेली खसखस, वेलदोडा. डाळीचं पीठ वितळलेला गूळ धरून ठेवतं, म्हणून तर तव्यावरही पोळी फुटत नाही. तेच सारण लांबट वळकटी करून पेस्ट्रीत गुंडाळा आणि सांधा खाली ठेवा. गूळ कोल्हापुरी घ्याल हे सांगायला नको, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. फक्त पिवळाधमक बघून घेऊ नका, तांबूस घ्या. चव त्याला असते.

तिळातिळाने
पुरण चालेल?

शिरोळची_सून
चालतं, पण पुरण ओलं असतं. कटाची डाळ पूर्ण निथळून, पुरण उलथनं उभं राहीपर्यंत आटवून. आणि पेस्ट्रीवर आधी चिमूटभर भाजलेला रवा पसरायचा. मला स्वतःला पुरण पोळीतच आवडतं. पेस्ट्रीत त्याचा मऊपणा हरवतो.

आमच्या बाजूला नृसिंहवाडीचा पेढा मिळतो. तो कुस्करून घातला तर पाण्याचा प्रश्नच नाही. पेढा, थोडं जायफळ, वर बदामाचे काप. वाडीची कवठ बर्फी मात्र घालू नका, ती तशीच खायची.

मृण्मयी_पुणे
आंब्याचा सीझन आहे आणि कुणी आंब्याचं नाव काढलं नाही! माझं मत : आंबा भट्टीत घालूच नका, त्याची चव मरते. पेस्ट्रीचे लांबट चौकोन काट्यानं टोचून घ्या, वरून दुसरा जड पत्रा ठेवून सपाट भाजा. गार झाले की मध्ये आम्रखंडाचा थर, हापूसच्या फोडी, परत पेस्ट्री, परत थर. फ्रेंच लोक हे क्रीम भरून करतात आणि त्याला मिलफय म्हणतात. चक्का रात्रभर टांगलेला, घट्ट हवा. आणि आयत्या वेळी रचायचं. तासभर आधी रचलं तर खालचा पदर मऊ पडतो.

खवय्या_शाहूपुरी
पुण्याची असून आम्रखंडाचं एवढं बेस्ट सुचवलंत, आता कोल्हापूरला या. मिसळ आमच्याकडून.

मृण्मयी_पुणे
येते. पण मिसळीबरोबर पाव लागेल, ब्रेड नको. :-)

रंकाळाकाठ
हे वाक्य इथं नका लिहू, धागा बंद पडेल.

खवय्या_शाहूपुरी
कोल्हापूरच्या मिसळीला ब्रेडच. विषय संपला.

भट्टीपुत्र
विषयावर या मंडळी. लहानपणाचं एक सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत बायका रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून आमच्या बेकरीत यायच्या, समोर बसून नानकटाई करून न्यायच्या. डब्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी. पत्रे बदलले तर भांडण. पण खारी कुणीच सामान देऊन करून घ्यायचं नाही, कारण तिला वेळ फार. संध्याकाळी भाजलेली खारी रात्री निवत्या भट्टीत परत जायची, सावकाश वाळायला. आतला प्रत्येक पदर वाळला की ती कुरकुरीत राहते. घरी करायची असेल तर पॅटिससारखी भाजून, मग ओव्हन १०० अंशांवर आणून तासभर आत ठेवा.

तिळातिळाने
माझा एक प्रश्न राहिला. भाजताना पत्र्यावर लोणी गळून जमा होतं. का?

भट्टीपुत्र
मुख्य कारण ओव्हन पुरेसा तापलेला नसतो. पीठ पक्कं व्हायच्या आधी लोणी वितळून निघून जातं. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २२० वर वीस मिनिटं आधी तापवा, दोन्ही कांड्या चालू. पॅटिस भरून आकार दिल्यावर परत वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग गारच भट्टीत. पहिली पंधरा मिनिटं २२०, दार उघडायचं नाही, वाफ गेली तर फुगलेलं बसतं. मग १८० वर आणून तळ तांबूस होईपर्यंत, एकूण अर्धा तास ते पस्तीस मिनिटं. वरून रंग आला म्हणून काढू नका, उचलून तळ बघा. थोडं लोणी दिसलं तर हरकत नाही, तेवढं सुटतंच. तळं साचलं तर ओव्हन थंड होता किंवा लाटताना लोणी पिठात गेलं होतं.

साटोरी
अंडं न खाणाऱ्यांनी रंगासाठी काय लावायचं?

शिरोळची_सून
दुधात चिमूटभर गूळ विरघळवून लावा. पॅटिसलाही चालतं, गोडवा कळत नाही आणि रंग सुरेख येतो.

वैजयंती_काकू
चैत्रा, मूळ प्रश्नाकडे वळून सांगते, नाहीतर आम्ही गप्पा मारत बसू आणि तुझा रविवार येईल. रविवारी पहाटे लाटायला बसू नकोस. गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे एकेक गोळा लाटून घड्या मार, दिवसभर मध्ये मध्ये फ्रीजमधून काढून पुढची घडी. खिमा शनिवारी सकाळी शिजव, फ्रीजमध्ये गार कर. शनिवारी संध्याकाळी पॅटिस भरून ताटात सुटे सुटे ठेवून थेट फ्रीजरमध्ये. कडक झाले की डब्यात एकावर एक, मध्ये बटर पेपर. गुळाच्या वळकट्याही तशाच. रविवारी पाहुणे यायच्या तासभर आधी भट्टी तापव आणि गोठलेलेच भाज, वितळवायचे नाहीत. पाच-सात मिनिटं जास्त लागतील. असे भरलेले पॅटिस महिनाभर राहतात, म्हणून थोडे जास्तच कर.

कापून उरलेल्या कडा मळून गोळा करू नकोस, पदर मोडतात. एकावर एक रचून लाट, वर साखर भुरभुरव, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत गुंडाळ आणि काप. पोरं त्यावरच तुटून पडतात.

चैत्रपालवी
काकू, हाच बेत. लोणी म्हशीचं, घरच्या सायीचं आणि कमी पडलं तर डेअरीतलं पांढरं. मार्जरीन नाही, यावर मी ठाम. खिमा पॅटिस, मक्याचे मुलांसाठी, गुळाच्या वळकट्या सगळ्यांसाठी. आम्रखंडाचं अक्षय्य तृतीयेला.

भट्टीपुत्र
सायीचं आणि डेअरीचं लोणी एका वडीत मिसळू नका. दोन्हींचा घट्टपणा वेगळा, वडी एकसारखी वाकणार नाही. एका गोळ्याला एक, दुसऱ्याला दुसरं.

चैत्रपालवी
हे बरं झालं सांगितलंत. तसंच करते.

नवीन_सदस्य_२३
उशिरा आलो. एअर फ्रायरमध्ये होतात का? माझ्याकडे ओटीजी नाही.

पन्हाळ्याचा_वारा
होतात, पण एका वेळी चारच. १८० अंशांवर ठेवा, २०० वर वरचा पदर करपतो आणि आत कच्चं राहतं. पंख्याच्या झोतानं वरचे पदर उडून कांडीला चिकटतात, म्हणून पहिली पाच मिनिटं वर जाळीचा स्टँड उलटा ठेवा. दहा मिनिटांनी उलटून अजून पाच. खाली बटर पेपर टोपलीच्या मापाचाच कापा, मोठा ठेवला तर हवा अडते आणि तळ ओला राहतो. साध्या खिमा पॅटिसला हे पुरतं, गुळाच्या वळकट्या मात्र ओटीजीतच करा.